संघटित कार्यक्रमांची लाभप्रदता आणि मनुष्यबळाची कार्यक्षमता : महाविद्यालयीन चर्चासत्राच्या संदर्भात मापनाचा विचार

गोषवारा : संघटित कार्यक्रमाचा जमाखर्च मांडताना रोख रकमेचा हिशेब ठेवला जातो, परंतु त्यासाठी खर्ची पडलेल्या मानवी तासांचा हिशेब सहसा ठेवला जात नाही. त्यामुळे कागदावर दिसणारी शिल्लक आणि कार्यक्रमाची खरी लाभप्रदता यांत अंतर पडते. प्रस्तुत लेखात दोन दिवसीय चर्चासत्राचे उदाहरण घेऊन लाभप्रदता व मनुष्यबळाची कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धतींचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : लाभप्रदता, अंशदान, ना-नफा-ना-तोटा बिंदू, संधी-परिव्यय, मनुष्यतास, स्वयंसेवक.

प्रस्तावना

परिषदा, चर्चासत्रे, महोत्सव, क्रीडास्पर्धा, विवाहसमारंभ अशा सर्व संघटित कार्यक्रमांना एक समान लक्षण आहे. ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी घडतात आणि संपतात. कारखान्यातील न विकला गेलेला माल गोदामात ठेवता येतो. सभागृहातील रिकामी खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. उत्पादन पुन्हा पुन्हा होत असल्याने कारखान्यात प्रमाणित परिव्यय ठरविणे शक्य होते. कार्यक्रम मात्र बहुधा वर्षातून एकदा होतो, समिती बदलते, अध्यक्ष बदलतात, आणि मागील वर्षीची फाइल कोणत्या कपाटात आहे हे शोधण्यापासून आरंभ करावा लागतो.

महाविद्यालयांच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आले आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची स्थापना १९९४ मध्ये झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी चर्चासत्रांतील सहभागाला गुणांची जोड दिली. या दोन्हींमुळे महाविद्यालयीन चर्चासत्रांना चालना मिळाली. चर्चासत्र झाले की हिशेब तपासला जातो, उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि थोडी रक्कम शिल्लक राहिली असल्यास समितीचे अभिनंदन होते. ती शिल्लक कोणाच्या श्रमातून आली, हा प्रश्न या प्रक्रियेत कोठेही विचारला जात नाही.

लाभ कशाला म्हणावे ?

हा प्रश्न केवळ लहान कार्यक्रमांपुरता नाही. जगातील सर्वांत मोठ्या कार्यक्रमांच्या हिशेबातही तो उभा राहतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकने सुमारे १५० कोटी कॅनेडियन डॉलरचे कर्ज मागे ठेवले आणि ते पूर्णपणे फिटावयास २००६ साल उजाडले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९८४ मध्ये, लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकने २३ कोटी २५ लाख अमेरिकन डॉलरची शिल्लक दाखविली. ही शिल्लक पीटर युबेरॉथ यांच्या व्यवस्थापनकौशल्याचे फळ मानली जाते. ते खरेही आहे. मोजक्या प्रायोजकांकडून मोठ्या रकमा आणि दूरचित्रवाणी हक्कांची विक्री ही त्या आयोजनाची बलस्थाने होती.

तथापि या दोन हिशेबांची तुलना करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. माँट्रियलने प्रचंड स्टेडियम नव्याने बांधले. दोन आठवड्यांच्या कार्यक्रमाच्या माथी अनेक दशके टिकणाऱ्या वास्तूचा खर्च पडला. लॉस एंजेलिसने १९२३ साली खुल्या झालेल्या आणि १९३२ च्या ऑलिंपिकसाठीही वापरलेल्या कॉलिझियमचा पुन्हा उपयोग केला. खेळाडूंच्या निवासासाठी तेथील विद्यापीठांची वसतिगृहे वापरण्यात आली. सुरक्षेचा काही भार संघराज्य शासनाने उचलला आणि हजारो स्वयंसेवकांनी विनावेतन काम केले. म्हणजेच दुसऱ्या हिशेबातील शिल्लक काही अंशी उत्तम विक्रीतून, तर काही अंशी पूर्वी कोणीतरी केलेल्या अथवा अन्य कोणी सोसलेल्या खर्चातून निर्माण झाली. हिशेबाची सीमारेषा कोठे आखली, यावर लाभ अवलंबून असतो. महाविद्यालयीन चर्चासत्रातही सभागृह, वीज, वसतिगृह आणि मनुष्यबळ हे घटक याच रीतीने सीमारेषेबाहेर राहतात.

चर्चासत्राचा रोख हिशेब

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट महाविद्यालयाचे नाहीत. केवळ पद्धती स्पष्ट व्हावी म्हणून ते योजले आहेत.

तक्ता क्र. १ : दोन दिवसीय चर्चासत्राचा जमाखर्च (रुपये)

जमा
नोंदणी शुल्क (१५० प्रतिनिधी × १,०००) : १,५०,०००
अनुदान : १,००,०००
स्मरणिकेतील जाहिराती : ५०,०००
एकूण जमा : ३,००,०००

खर्च
तज्ज्ञांचा प्रवास, निवास व मानधन : ९५,०००
मंडप, ध्वनिक्षेपण व फलक : ३०,०००
निबंधसंग्रह व स्मरणिका यांची छपाई : ३५,०००
पाहुणे, कर्मचारी व स्वयंसेवक (६० जण) यांचे भोजन : ३०,०००
प्रतिनिधींचे भोजन व चहा (१५० × ५००) : ७५,०००
पिशवी, फाइल व प्रमाणपत्र (१५० × १५०) : २२,५००
एकूण खर्च : २,८७,५००

शिल्लक : १२,५००

या तक्त्यातील पहिल्या चार बाबी प्रतिनिधींच्या संख्येवर अवलंबून नाहीत. त्यांची बेरीज १,९०,००० रुपये हा स्थिर खर्च होय. प्रत्येक प्रतिनिधीमागे ६५० रुपये बदलता खर्च आहे. शुल्कातून तो वजा केल्यास प्रत्येक प्रतिनिधी ३५० रुपये अंशदान देतो. अनुदान व जाहिराती मिळून १,५०,००० रुपये स्थिर खर्चातून वजा केले, तर ४०,००० रुपये प्रतिनिधींच्या अंशदानातून भरून काढावे लागतात. त्यासाठी किमान ११५ प्रतिनिधी हवेत. अनुदान न मिळाल्यास हाच ना-नफा-ना-तोटा बिंदू ४०० प्रतिनिधींवर जातो. ११५ आणि ४०० या दोन आकड्यांतील अंतरावरून चर्चासत्र कोणाच्या आधारावर उभे आहे हे समजते. शिल्लक रकमेचे एकूण खर्चाशी प्रमाण सुमारे ४.३५ टक्के येते, तर स्वतःच्या उत्पन्नातून (शुल्क व जाहिराती) खर्चाची भरपाई सुमारे ७० टक्केच होते. दोन्ही प्रमाणे एकाच तक्त्यातून निघतात. अहवालात मात्र पहिलेच दिले जाते.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. शुल्क न भरणाऱ्या ६० जणांच्या भोजनाचे ३०,००० रुपये भरून काढण्यासाठी सुमारे ८६ प्रतिनिधींचे अंशदान खर्ची पडते. पंगतीतून कोणाला उठवावे असा याचा अर्थ नाही. राबणाऱ्यांना जेवू घातलेच पाहिजे. परंतु हा आकडा अंदाजपत्रकात आधी दिसला, तर पाहुण्यांच्या यादीवर चर्चा होऊ शकते.

बदलता खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंतच बदलता असतो. केटरर दोन दिवस आधी ताटांची संख्या निश्चित करून घेतो. २०० ताटे सांगितली आणि १५० माणसे जेवली, तरी देयक २०० ताटांचेच येते. त्या क्षणापासून भोजनखर्च स्थिर होतो. उलट सभागृहाची क्षमता २०० असेल, तर २०१ व्या प्रतिनिधीसाठी बाहेर मंडप व पडदा लावावा लागतो आणि खर्च एकदम एक पायरी वर चढतो. म्हणून प्रतिनिधींची संख्या वाढली की लाभ वाढतो, हे विधान सरसकट खरे नाही.

तासांचा हिशेब

वरील तक्त्यात एकाही कर्मचाऱ्याचे वेतन नाही. आता त्याच चर्चासत्रासाठी पुढील श्रम लागले असे समजू : १२ नियमित प्राध्यापक प्रत्येकी ३० तास, म्हणजे ३६० तास; तासिका तत्त्वावरील ४ प्राध्यापक प्रत्येकी ५० तास, म्हणजे २०० तास; कार्यालयातील ३ कर्मचारी प्रत्येकी ४० तास, म्हणजे १२० तास; ४ शिपाई प्रत्येकी ३० तास, म्हणजे १२० तास. एकूण ८०० मनुष्यतास. शिवाय २४ विद्यार्थी स्वयंसेवकांचे प्रत्येकी १६ तास धरल्यास ३८४ तास वेगळे.

या तासांचे मूल्य कसे काढावे ? रॉबर्ट कॅप्लन व स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली कालाधिष्ठित परिव्यय पद्धती येथे उपयुक्त ठरते. तिचे सूत्र साधे आहे. उपलब्ध मनुष्यबळाचा एकूण खर्च भागिले त्याची प्रत्यक्ष क्षमता म्हणजे ताशी दर. आणि ताशी दर गुणिले कामाला लागलेला वेळ म्हणजे त्या कामाचा परिव्यय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास व वर्षाला ३० कार्य-आठवडे, म्हणजे १,२०० तास येतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,९२,४०० रुपये ठरले. भत्ते बाजूला ठेवले तरी भागाकार ताशी ५७७ रुपये येतो. विश्रांती, बैठका, संपर्क यांत जाणारा वेळ वगळून प्रत्यक्ष क्षमता ८० टक्के धरावी, असे या पद्धतीत सुचविले आहे. तसे केल्यास दर ७२१ रुपये २५ पैसे होतो.

कमी दर घेऊनही नियमित प्राध्यापकांच्या ३६० तासांचे मूल्य २,०७,७२० रुपये होते. शिल्लक १२,५०० रुपये आणि केवळ एका गटाच्या श्रमाचे मूल्य त्याच्या सोळा पटींहून अधिक ! या रीतीने मांडणी केली, तर चर्चासत्र १,९५,२२० रुपये तोट्यात गेले असे म्हणावे लागेल.

परंतु येथे घाई करणे धोक्याचे आहे. नियमित प्राध्यापकांचे वेतन चर्चासत्र झाले नसते तरी द्यावेच लागले असते. ते चर्चासत्रामुळे निर्माण झालेले वाढीव देणे नव्हे. म्हणून रोख हिशेबात ही रक्कम मिसळणे चुकीचे ठरेल. तिचा अर्थ संधी-परिव्ययाचा आहे : ते ३६० तास चर्चासत्राकडे गेले नसते, तर कोणते काम झाले असते ? उत्तर जर ‘प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके’ किंवा ‘अप्रगत विद्यार्थ्यांचे जादा वर्ग’ असे असेल, तर परिव्यय खरा आहे आणि तो विद्यार्थ्यांनी भरला आहे. उत्तर ‘विशेष काही नाही’ असे असेल, तर तो जवळजवळ शून्य आहे. हे उत्तर सूत्रातून मिळत नाही. ते वेळापत्रकातून व उपस्थितिपटातून शोधावे लागते. यास्तव रोख हिशेब आणि तासांचा हिशेब शेजारी शेजारी मांडावेत, एकात एक मिसळू नयेत, ही भूमिका अधिक न्याय्य वाटते.

विद्यार्थी स्वयंसेवकांच्या तासांना रुपयांत बसविणे तर आणखी अवघड आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तास सेवेची अपेक्षा असते. त्यात चर्चासत्रातील खुर्च्या मांडण्याचे १६ तास धरावेत काय, हा प्रश्न लेखांकनाचा नसून योजनेच्या हेतूचा आहे. नोंदणीकक्षावर बसलेला विद्यार्थी काही शिकतो. तोच दोन दिवस पाण्याचे जार उचलत राहिला, तर ती वाचविलेली मजुरी होय.

कार्यक्षमता कोठे मोजावी ?

प्रतिनिधीमागे लागलेले मनुष्यतास हा सर्वांत सोपा निर्देशक आहे. ८०० भागिले १५० म्हणजे ५.३३ तास. पुढील वर्षी तो ४.८ झाला तर कार्यक्षमता वाढली, असा निष्कर्ष सहज काढला जातो. वास्तविक प्रतिनिधी वाढले, निबंध कमी आले, किंवा बरेच काम बाहेरच्या व्यावसायिकाकडे सोपविले, यांपैकी कोणत्याही कारणाने तो उतरू शकतो. एकूण उत्पन्नास माणसांच्या संख्येने भागणे त्याहूनही फसवे आहे. अनुदान वाढले की काहीही न करता प्रत्येक जण ‘अधिक कार्यक्षम’ ठरतो.

अधिक विश्वासार्ह मार्ग म्हणजे काम तुकड्यांत पाडून मोजणे. नोंदणीकक्षाचे उदाहरण पाहू. १५० प्रतिनिधी सकाळी ९ ते १० या वेळात येणार आणि नाव शोधणे, शुल्क घेणे, पावती लिहिणे, पिशवी देणे यांस प्रत्येकी ३ मिनिटे लागणार. एकूण काम ४५० मिनिटांचे. एका तासात ते संपवावयाचे तर ८ टेबले हवीत. त्यांपैकी ९० जणांचे शुल्क आधीच भरलेले असेल आणि त्यांना १ मिनिट पुरत असेल, तर काम २७० मिनिटांवर येते व ५ टेबलांत भागते. हा हिशेबही सर्व जण सारख्या अंतराने येतात असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात एसटी येते तेव्हा पंधरा-वीस जण एकदम दारात उभे राहतात. म्हणून थोडी मोकळी क्षमता ठेवावीच लागते. साडेदहा वाजता नोंदणीकक्षावर रिकामी बसलेली माणसे पाहून ‘माणसे जास्त झाली’ असे म्हणणारा पर्यवेक्षक ९ वाजताची रांग विसरलेला असतो. कार्यक्रमातील मनुष्यबळ गर्दीच्या क्षणासाठी नेमलेले असते. त्याची कार्यक्षमता सरासरीने मोजता येत नाही. खरा प्रश्न एवढाच की साडेदहानंतर ती माणसे भोजनव्यवस्थेकडे वळविण्याची योजना आधी केली होती काय.

मंगल कार्यालयांचे चालक हे सूत्र अनुभवाने जाणतात. विवाहाच्या तिथी वर्षभर सारख्या पसरलेल्या नसतात. त्यामुळे कायम नोकर मोजके ठेवून वाढपी तिथीपुरते बोलावले जातात. पंगत असेल तर वाढपी अधिक लागतात. बुफे असेल तर वाढपी कमी, परंतु जागा अधिक लागते आणि ताटात टाकून दिलेले अन्न वाढते. मनुष्यबळात वाचविलेला पैसा दुसऱ्या खात्यात खर्च होतो, हे तेथे खाते न उघडताच कळते.

महाविद्यालयीन चर्चासत्रात बराच मोठा वेळ त्या दोन दिवसांत नव्हे, तर आधी जातो. वरील ८०० तासांपैकी २६० तास ६५ निबंधांच्या संकलनात व मुद्रितशोधनात गेले असे मानू. म्हणजे निबंधामागे ४ तास. मराठी निबंध वेगवेगळ्या फाँटमध्ये येतात, उघडताच अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, काही पाने पुन्हा टंकलिखित करावी लागतात, हा अनुभव बहुतेक संपादकांना असेल. निबंध युनिकोडमध्येच स्वीकारले जातील हा एक नियम पाळला गेला आणि निबंधामागील वेळ अडीच तासांवर आला, तर साडेसत्त्याण्णव तास वाचतात. नोंदणीकक्षावरील दोन माणसे कमी करून एवढी बचत कधीही होणार नाही. मात्र दिसते ते नोंदणीकक्ष. संगणकासमोर रात्री बसलेला माणूस दिसत नाही.

अशी मोजणी करण्यासाठी तासांची नोंदवही हवी. दिवस, काम आणि वेळ एवढे तीन रकाने पुरेसे आहेत. ती नोंद व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही, याची हमी मात्र द्यावी लागते. मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की त्याची मोजमाप म्हणून योग्यता जाते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेल्या विचारावरून हे सूत्र रूढ झाले. बढतीसाठी तास मोजले जाऊ लागले, तर २६० तासांचे ४०० होण्यास वेळ लागणार नाही.

नोंदवहीतून काय उघड होते

वरील उदाहरणात तासिका तत्त्वावरील चार प्राध्यापक हे २३ जणांच्या मनुष्यबळाच्या सुमारे १७ टक्के आहेत; परंतु ८०० पैकी २०० तास, म्हणजे २५ टक्के श्रम त्यांचे आहेत. उदाहरण कल्पित असले तरी त्याची दिशा परिचयाची वाटावी. नव्या, तरुण आणि नकार देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीकडे काम सरकते. नियमित प्राध्यापकाच्या बाबतीत ‘वेतन तर मिळतेच’ हा युक्तिवाद निदान लेखांकनदृष्ट्या टिकतो. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकास तो लागूच होत नाही. त्यास प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचेच मानधन मिळते. चर्चासत्राच्या दोन दिवसांत वर्ग बंद राहतात, म्हणजे ज्या दिवशी तो सर्वाधिक काम करतो त्याच दिवसांचे त्याचे उत्पन्न बुडते. त्याचे ५० तास हा संधी-परिव्ययाचा सूक्ष्म प्रश्न नव्हे. तो संस्थेने न दिलेला आणि म्हणून जमाखर्चात न आलेला प्रत्यक्ष खर्च आहे.

तक्ता क्र. १ मधील संपूर्ण शिल्लक या चौघांत वाटली, तरी २०० तासांना ताशी ६२ रुपये ५० पैसे पडतात. ताशी ३०० रुपये द्यावयाचे ठरविल्यास ६०,००० रुपये लागतील. शिल्लक वापरूनही ४७,५०० रुपये कमी पडतात. ते शुल्कातून काढावयाचे, तर १५० प्रतिनिधी कायम राहतील असे धरून प्रत्येकी सुमारे ३१७ रुपये वाढवावे लागतील. अथवा स्मरणिकेची पाने कमी करावी लागतील, पाहुण्यांची यादी आखूड करावी लागेल, किंवा त्या २०० तासांतील काही काम नियमित प्राध्यापकांकडे परत द्यावे लागेल. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे आयोजन समितीने ठरवावयाचे आहे; आणि ते पहिल्या बैठकीत, निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.